पुडी फोडण्याआधी

"डॉक्टर, डुकरं खोकायला लागलीत. पाण्यातलं काहीतरी सांगा."

दिवाळी सरून पहाटेचा गारठा सुरू झाला की माझ्या फोनवर हे वाक्य ठरलेलं असतं. सांगणारा पुणे जिल्ह्यातला असो, साताऱ्याचा असो की गोव्यातल्या सत्तरीचा. डुकरं किती, वजन काय, खोकला कधीपासून, कुणाला ताप आहे का, एखादं दगावलंय का, यातलं काहीही कानावर येण्याआधी 'पाण्यातलं' येतं. मला त्याचं कारण समजतं. शंभर डुकरांना धरून सुई टोचायची म्हणजे चार माणसं, निसरडी फरशी, कानठळ्या बसवणारा आरडाओरडा आणि दिवसअखेर वाकलेल्या सुया. त्यापेक्षा पुडी फोडली, टाकीत ओतली, काठीनं ढवळली की काम संपलं. शिवाय आजारी डुक्कर खाणं आधी सोडतं, पाणी नंतर. त्यामुळे खाद्यात कालवलेल्या औषधापेक्षा पाण्यातलं औषध पोटात जाण्याची शक्यता जास्त, हेही खरंच. सोय उत्तम आहे. पण इतकी वर्षं वराहपालकांच्या शेडमधून हिंडल्यावर माझं मत झालंय की पुडीचं काम ती फोडण्याच्या आधीच नव्वद टक्के उरकलेलं असायला हवं, आणि नेमकं तेच कुणाला करायचं नसतं.

आमच्याकडे पशुवैद्यकाची पदवी घेतलेला माणूस गाई-म्हशींकडे जातो, शहरात असेल तर कुत्र्या-मांजरांकडे, आणि पैसा हवा असेल तर कोंबड्यांकडे. मी डुकरांकडे वळलो तेव्हा बरोबरच्यांनी 'डुकरांचा डॉक्टर' म्हणून यथेच्छ चेष्टा केली. तोवर महाराष्ट्रात डुक्कर पाळायचं ते कैकाडी-वडार मंडळींनी, गावाबाहेर, मोकळं सोडून. मग लार्ज व्हाईट यॉर्कशायर, लँड्रेस, ड्युरॉक अशा जातींचे बंदिस्त फार्म उभे राहू लागले. कर्ज काढून, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेली तरुण पोरं ते चालवू लागली. डुकरं बदलली, शेड बदलली, औषधाचं दुकान मात्र कोंबड्यांचंच राहिलं. आजही तालुक्याच्या दुकानात डुकरासाठी म्हणून जी पुडी मिळते, तिच्यावर बहुतेक वेळा कोंबडीचं चित्र असतं.

आणि चित्राखाली मात्रा लिहिलेली असते: एवढे ग्रॅम, इतक्या लिटर पाण्यात. तेच प्रमाण डुकरांच्या टाकीत जातं. ब्रॉयलरचं कोवळं पिल्लू दिवसाला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पाणी पितं. चाळीस किलोचं डुक्कर जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे चारेक लिटर, आणि तापानं पडलं असेल तर त्याहून कमी. एकाच टाकीतलं पाणी कोंबडीला पूर्ण मात्रा देतं आणि डुकराला निम्मी. निम्म्या मात्रेत दुबळे जंतू मरतात, चिवट जंतू मागे राहतात. खोकला चार दिवस दबतो, पालक खूश होतो, आणि पुढच्या महिन्यात तीच पुडी पाण्यासारखी निघते. मग दुकानदार त्याहून महाग पुडी देतो.

मी हिशोब वजनावर मांडून दाखवतो, पाटीवर खडूनं. समजा डॉक्सिसायक्लिन किलोमागे १० मिलिग्रॅम द्यायचंय. ४० किलोची १०० डुकरं म्हणजे ४,००० किलो, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम मूळ औषध. पुडी १० टक्क्यांची असेल तर ४०० ग्रॅम लागते, ५० टक्क्यांची असेल तर ८० ग्रॅम. आणि हे सगळं जायला हवं त्या शंभर डुकरांच्या एका दिवसाच्या पाण्यात, म्हणजे सुमारे ४०० लिटरमध्ये. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. मग मी विचारतो, टाकी केवढी? हजार लिटर. त्या टाकीवरून पाणी कुठंकुठं जातं? इथं शांतता पसरते. एका फार्मवर मी पाइपाच्या मागोमाग चालत गेलो. खोकणारे दोन कप्पे होतेच, पण तीच लाइन विणीच्या खोल्यांना होती, गाभण माद्यांना होती, शेड धुण्याच्या नळाला होती आणि शेवटी कुंपणाजवळ मालकानं हौसेनं लावलेल्या केळीला होती. आठवडाभर महागडं प्रतिजैविक केळीला जात होतं. केळी अर्थातच ठणठणीत होती. तेव्हापासून मी पहिली खरेदी औषधाची न सांगता दोनशे लिटरच्या निळ्या पिंपाची सांगतो. आजारी कप्प्यांपुरतं वेगळं पिंप, उंच ठेवलेलं, वेगळ्या कॉकचं. आदल्या दिवशी त्यात साधं पाणी भरून खूण करायची आणि चोवीस तासांत किती उतरलं ते बघायचं. तो खरा आकडा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तो नेहमीच वेगळा निघतो. उन्हाळ्यात तर फारच, कारण डुक्कर निपल दाबून अंगावर पाणी उडवत बसतं आणि पिंपातून उतरलेलं पाणी पोटात गेलं असं आपण समजतो.

वजनाचंही तसंच. विकताना काट्यावर अर्धा किलोसाठी भांडणारे आमचे लोक औषध देताना डोळ्यानं वजन सांगतात. "असतील चाळीस-पंचेचाळीस." काट्यावर घेतली की एकाच कप्प्यात अठ्ठावीसचंही निघतं आणि साठचंही.

पण मात्रेचा प्रश्न येतो तो औषध कुठलं हे ठरल्यावर, आणि औषध ठरतं आजार कळल्यावर. खोकला हा आजार नव्हे. या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मेलेल्या डुकरांनी. एका फार्मवर कित्येक आठवडे पाण्यातून अमॉक्सिसिलिन चालू होतं. "फरक पडतो हो, पण थांबवलं की परत सुरू," असं मालक सांगत होता. खोकला कोरडा, ढास लागल्यासारखा. डुकरं निवांत पडलेली असताना गप्प, उठवून हलवली की एकामागून एक खोकणारी. मरतुक फार नव्हती. वाढ मात्र खुंटली होती, एकाच वेताची भावंडं दोन महिन्यांच्या अंतरानं जन्मल्यासारखी दिसत होती. त्यातलं एक मरतुकडं दगावलं तेव्हा शेडमागच्या शेवग्याखाली आम्ही ते उघडलं. फुप्फुसाचा मागचा, वरचा भाग गुलाबी, दाबला तर मऊ. पुढचे, खालचे पाळे मात्र दोन्ही बाजूंना सारखेच जांभळट-करडे, घट्ट, हाताला कलेजीसारखे लागणारे. मी दोन्हीकडचा बोटभर तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला. गुलाबी तुकडा तरंगला. जांभळा सरळ तळाला गेला. मालकानं तो बादलीतून काढून पुन्हा टाकला, पुन्हा बुडाला. "म्हणजे यात हवाच नाही?" नाही. तेवढा भाग श्वासाच्या कामाचाच उरला नव्हता.

असं पुढचे-खालचे पाळे दोन्हीकडे धरणारं दुखणं दिसलं की माझा पहिला संशय मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए या जंतूवर जातो. त्याला पेशीभित्तिकाच नसते, आणि अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन ही मंडळी काम करतात ती जंतूची भिंत बांधणं अडवून. जिथं भिंत नाही तिथं ती काय करणार? पण मालक खोटं बोलत नव्हता. मायकोप्लाझ्मानं वाट मोकळी केली की मागून पाश्चुरेला घुसतो, आणि अमॉक्सिसिलिन त्याला मारू शकतं. म्हणून चार दिवस बरं वाटायचं. फुप्फुसाचे तुकडे मी तपासणीला पाठवले. मायकोप्लाझ्मा प्रयोगशाळेत सहजी वाढत नाही, त्याला पीसीआर लागते. पाश्चुरेलासारख्यांची वाढ आणि त्यांना कुठलं औषध लागू पडतं याचा अहवाल मात्र चार-पाच दिवसांत मिळतो. हे चार-पाच दिवस थांबणं पालकाला जड जातं. त्यामुळे अंदाजानं औषध सुरू करावं लागतं हे मी मान्य करतो, पण नमुना औषधाचा पहिला घोट जाण्याआधी घेतलेला असला पाहिजे. नंतर घेतला तर अहवालात काहीच उगवत नाही आणि सगळे म्हणतात, बघा, जंतू नव्हताच.

उलट चित्रही पाहिलंय. संध्याकाळपर्यंत खाणारं दणदणीत डुक्कर सकाळी मेलेलं, नाकाशी रक्ताळ फेस, आणि बरोबरची दोन-तीन कुत्र्यासारखी पुढच्या पायांवर बसून तोंड उघडं टाकून श्वास घेतायत. हा बहुधा ॲक्टिनोबॅसिलस प्ल्यूरोन्यूमोनिए. इथं फुप्फुसाच्या मागच्या, वरच्या भागात काळपट टणक गाठी सापडतात, वर पांढरट पापुद्रा. अशा वेळी जे डुक्कर असं बसलंय ते पाणी प्यायला उठतच नाही. त्याला सुईच लागते, आत्ताच्या आत्ता. पाण्यातलं औषध असलंच तर त्याच्या शेजाऱ्यांसाठी, जी अजून उभी आहेत त्यांच्यासाठी. हे सांगितलं की मालक कामगारांकडे बघतो, कामगार फरशीकडे बघतात. आणि सुई म्हणजे टाकीतलं औषध सिरिंजमध्ये भरणं नव्हे, हेही मला एकदा ओरडून सांगावं लागलंय. टिलमायकोसिन डुकरांना पाण्यातून चालतं. तेच टोचलं तर डुकराचं हृदय बंद पडतं, आणि टोचणाऱ्याच्या हातात चुकून घुसलं तरी जिवावर बेतू शकतं.

मायकोप्लाझ्मावर टायम्युलिन चांगलं चालतं. पण ते लिहिण्याआधी मी खाद्याच्या गोदामात जातो. आमच्याकडे डुकरांना काय काय घातलं जातं याची यादी मोठी आहे: हॉटेलचं खरकटं, बेकरीचा भुगा, भाजी मंडईतला कचरा, आणि कोंबड्यांचं शिल्लक किंवा नापास झालेलं खाद्य. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडिया रोखायला सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन घातलेलं असतं. डुकराच्या यकृतात ही द्रव्यं मोडली जातात ती वाट टायम्युलिन अडवतं. मग ती साचतात आणि स्नायू सडवतात. एका ठिकाणी मला बोलावलं गेलं ते औषध सुरू होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. खोकणारी डुकरं खोकत नव्हती, कारण ती उठतच नव्हती. मागचा भाग लुळा, काहींची लघवी काळपट. औषध बरोबर होतं, मात्रा बरोबर होती, कोपऱ्यात ब्रॉयलर फिनिशरची पोती रचलेली होती. आधी जाऊन आलेल्यानं फक्त डुकरं पाहिली होती.

पाण्याबद्दल मी कंटाळा येईपर्यंत बोलतो असं लोक म्हणतात. बोअरचं पाणी आमच्या पट्ट्यात जड. टेट्रासायक्लिनची सगळी कुळी कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांना धरून बसते. पिंपाच्या तळाशी पिवळसर गाळ दिसला की ओळखायचं, डुकरांच्या वाटणीचं डॉक्सिसायक्लिन तिथं बसलंय. थोडं सायट्रिक ॲसिड घालून पाणी आंबट केलं की बरंच विरघळतं. अमॉक्सिसिलिन पाण्यात फार काळ टिकत नाही, ते रोज ताजं. क्लोरिनचं पाणी असेल तर औषधाच्या दिवसांत क्लोरिन बंद. उन्हात तापलेल्या टाकीत कुठलंच नको. शिवाय या पुड्यांमध्ये औषधाबरोबर साखर असते, लॅक्टोज नाही तर डेक्स्ट्रोज. ती पाइपात राहिली की आतून बुळबुळीत थर धरतो, पुढच्या वेळी तोच थर निपल तुंबवतो. औषधाचा कोर्स संपला की लाइन हायड्रोजन पेरॉक्साइडनं धुवायची, हे मी चिठ्ठीवर औषधाच्या खालीच लिहितो. वाचतं कोण, हा भाग वेगळा.

निपल मात्र मी स्वतः तपासतो. लिटरचा मग, मोबाइलचं घड्याळ, अंगठ्यानं निपल दाबायचं आणि तीस सेकंद धरायचं. वाढत्या डुकराला मिनिटाला निदान पाऊण ते एक लिटर हवं. पहिल्या कप्प्यात मग भरतो. पुढे पुढे जावं तशी धार बारीक होत जाते, आणि लाइनच्या टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यातल्या निपलला अंगठा दुखेपर्यंत दाबलं तरी तळ झाकेल इतकंच पाणी पडतं. नवलाची गोष्ट ही की खोकणारी, काटकुळी डुकरं त्याच कोपऱ्यात असतात. मालकाला वाटतं आजारी म्हणून त्यांना तिथं ठेवलंय. अर्ध्या वेळा ती तिथं आहेत म्हणून आजारी असतात.

आणि हवा. थंडी लागते म्हणून आमचे लोक शेडला चहूबाजूंनी ताडपत्री, बारदान, जुने फ्लेक्स बांधतात, अगदी छपरापर्यंत. सकाळी आत शिरलं की डोळे चुरचुरतात. "आम्हाला नाही वास येत," मालक म्हणतो. त्याला सवय झालेली असते. मी त्याला डुकराच्या उंचीवर, उकिडवं बसायला लावतो. दोन मिनिटांत तो खोकत उठतो. अमोनिया श्वासनलिकेतले बारीक केस मारतो, जे कचरा बाहेर ढकलत असतात. ते गेले की आत येणाऱ्या प्रत्येक जंतूला रस्ता मोकळा. त्यात दाटी, त्यात बाजारातून आणलेली नवी पिल्लं जुन्यांत मिसळलेली. अशा शेडमध्ये पाण्यातून कितीही औषध ओता, दर थंडीत पुडी परत येणारच. एका फार्मवर आम्ही ताडपत्री वरून हातभर खाली उतरवली, आणि कप्पा पूर्ण रिकामा करून, धुऊन, वाळवून मगच एका वयाची नवी तुकडी भरायची असं ठरवलं. ऐकायला सोपं, पण त्यापायी मालकाला दोन कप्पे काही दिवस मोकळे ठेवावे लागले आणि त्याच्या वडिलांनी "रिकामं शेड म्हणजे घरात भूत" म्हणून दोघांनाही शिव्या घातल्या. पुढची थंडी बऱ्यापैकी खोकल्याविना गेली. तेव्हापासून मी चिठ्ठीवर औषधाचं नाव सगळ्यात शेवटी लिहितो.

काही वेळा औषधाचं नाव लिहायचंच नसतं, आणि ते सांगणं सगळ्यात अवघड. लालबुंद किंवा जांभळे पडलेले कान, १०६ फॅरेनहाइटच्या वरचा ताप, लहान-मोठी सगळीच झपाट्यानं मरतायत, तर मी पुडीचं नाव काढू देत नाही. स्वाइन फिव्हर विषाणूचा, आणि २०२० साली आसाम-अरुणाचलातून देशात आलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हरही. प्रतिजैविकाला तिथं काही काम नाही. उलट पुडी सुरू झाली की "बघूया चार दिवस" सुरू होतं, त्या चार दिवसांत एखादी गाडी माल घेऊन जाते, आणि आजार पुढच्या जिल्ह्यात पोचतो. अशा वेळी सरकारी दवाखान्याला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. मी कळवल्यावर माझ्याशी बोलणं सोडलेले पालक आहेत.

विक्रीच्या वेळचा झगडा वेगळा. औषध बंद केल्यावर मांसातून ते उतरायला जितके दिवस लागतात तितके थांबायचं असतं, लेबलवर लिहिलेलं असतं. गोव्यातल्या एका पालकाकडे नाताळच्या तोंडावर हे झालं. सोरपोतेल, चोरीससाठी डुकराला मागणी शिगेला, गाडी दारात, आणि दोन कप्प्यांचं औषध आदल्या दिवशी संपलेलं. "दोतोर, नाताळ माझ्यासाठी थांबतलो?" त्याचा प्रश्न रास्त होता. सुदैवानं औषध त्या दोनच कप्प्यांच्या पिंपात गेलं होतं, आणि भिंतीवर खडूनं तारीख लिहिलेली होती. बाकीच्या कप्प्यांतला माल गाडीत चढला. ते दोन कप्पे जानेवारीत पडेल भावानं गेले, आणि त्यानं मला नुकसान नीट आकड्यात ऐकवलं. औषध सगळ्या टाकीत गेलं असतं तर एकतर अख्खी विक्री थांबली असती, किंवा कुणीच थांबवली नसती.

बाहेरचं जग काय करतंय ते पालकांना सांगितलं की ते ऐकून घेतात. युरोपियन युनियननं वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं २००६ पासून बंद केलं. अमेरिकेत २०१७ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविकं जनावरांना पाण्यातून द्यायला पशुवैद्याची चिठ्ठी लागते. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन खाद्यजनावरांसाठी बंद झालं. माणसाच्या अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध ते, आणि त्याला दाद न देणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे उडी मारणारं जनुक चीनमध्ये सापडल्याचं २०१५ साली जाहीर झालं, तेही डुकरांमध्ये. बंदीनंतर एका दुकानात मी सहज विचारलं, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ते बंद झालं साहेब, त्याच्याऐवजी हे देतो." 'हे' म्हणजे काय, हे विचारणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा भेटत नसावं.

यात आम्हा डॉक्टरांचीही गोम आहे. सल्ल्याला पैसे द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. डॉक्टर औषध स्वतः देतो, मार्जिन त्यात असतं, आणि भेट 'फुकट' असते. म्हणजे 'काही नको, ताडपत्री खाली घे' असं सांगणारा डॉक्टर त्या दिवशी पेट्रोलचेही पैसे कमवत नाही. मी औषध ठेवणं बंद केलं आणि भेटीची फी लावली तेव्हा निम्मे पालक गेले. त्यातले काही एखाद-दुसऱ्या थंडीनंतर परत आले, काही अजून दुकानातल्या पोराला विचारतात.

ज्याच्या वडिलांना रिकाम्या शेडमध्ये भूत दिसत होतं, तो टिकलेल्यांपैकी. गेल्या हंगामाचा हिशोब करताना त्यानं वही पुढे सरकवली. औषधाचा खर्च आधीच्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आला होता, मरतुक कमी, माल वेळेवर गेलेला. मीही मनातून सुखावलो.

"डॉक्टर," तो म्हणाला, "या वर्षी औषध फारसं लागलंच नाही. मग तुमची फीपण जरा कमी करा की."

केली नाही.